पेन्सिलीची नोंद, शाईची नोंद : बदलत्या फाइलचा मागोवा

महापे, रबाळे, ऐरोली या नवी मुंबईच्या पट्ट्यात संगणकावर रात्रंदिवस चालणारे एक काम ऐकायला अगदी किरकोळ वाटते. फाइल उघडायची, ठरलेल्या जागची नोंद शोधायची, तिच्यातले एक मूल्य बदलायचे आणि फाइल पुन्हा जतन करायची. कुणा ग्राहकाचा पत्ता बदललेला असतो, कुणाचा विम्याचा हप्ता, कुठे कंटेनरचे वजन. पायथनसारख्या भाषेत या कामाला पाच-सहा ओळी पुरतात आणि नवशिक्याला त्या पहिल्या काही धड्यांतच शिकवतात. या ओळींच्या मागे मात्र काही शतकांची वाटचाल आहे. तिच्यात वाचणे आणि बदलणे ही दोन कामे एकाच वेगाने पुढे आली नाहीत. ओळी आणि रकाने आखून नोंद वाचण्याची सोय लवकर झाली. लिहिलेले बदलायचे कुणी, कधी, कुणाच्या साक्षीने आणि जुन्याचे काय करायचे, हे ठरायला मात्र फार काळ लागला, कज्जे लागले आणि कायदेही लागले. महाराष्ट्रात ही शिस्त संगणक येण्याच्या कितीतरी आधी गावच्या चावडीत घडली. म्हणून आपणही मागोवा तिथूनच घेऊ. पण चावडीच्या आधी देवगिरीला एक मुक्काम करायला हवा.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी हेमाद्री पंडित श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. मोडी लिपीचे श्रेय परंपरा त्यालाच देते आणि दप्तर कसे राखावे हे सांगणारे ‘मेस्तक’ही त्याच्याच नावावर सांगितले जाते. मोडीचा गुण तिच्या वेगात होता. लेखणी फारशी न उचलता ओळ सलग धावत जाई. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही. लिहिणाऱ्याची सोय पुरेपूर होती, वाचणाऱ्याला मात्र सराव लागे. या लिपीत पुढे जे मराठी दप्तर वाढले, त्याने एक मोलाची विभागणी केली. रोजकीर्दीत जे घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहायचे आणि खतावणीत तेच नावनिशीवार मांडायचे. एक वही काळाच्या ओळीने चालणारी, दुसरी खात्याच्या ओळीने. रकाना भरायचा तर मापही ठरलेले हवे. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने, १६२६ साली तो मरण पावला त्याआधी, जमीन पाहणीची घडी बसवली होती. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या हाताखाली मोजणी झाली. सभासदाने तिचे माप नोंदवले आहे : पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब-रुंद म्हणजे बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर. एका गावचा बिघा दुसऱ्या गावच्या बिघ्याशेजारी मांडता येऊ लागला, की तक्त्याची पहिली अट पुरी होते.

पेशवाईत हे दप्तर अफाट वाढले. कागद कापडात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. आपण आज ज्याला फाइल म्हणतो, त्याचा पुण्यातला पूर्वज हा रुमाल. तेरीज, ताळेबंद, झाडे, जमाबंदीचे कागद असे हजारो रुमाल १८१८ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या अमलाखाली आले आणि नव्या राज्यकर्त्यांना चमत्कारिक पेच पडला : माहिती हाती होती, पण वाचता येत नव्हती. लिपी मोडी, मांडणी कारकुनाच्या सवयीची, गावचे मूळ हिशेब तर वतनदार कुलकर्ण्याच्या घरी. कुलकर्ण्याचे वतन पिढीजात असल्याने गावाची नोंदही जवळजवळ त्याच्या घराची मालमत्ता होऊन बसली होती. नोंद बदलली तर ती कुणी आणि का बदलली, हे विचारायचे तरी कुणाला? इनामे खरी किती आणि बनावट किती हे ठरवण्यासाठी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, तेव्हा याच कागदांची उलटतपासणी झाली आणि दख्खनभर असंतोष माजला. पुढे १८९१ साली दप्तरासाठी पुण्यात स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. वाचनाचा हा पेच अजून सुटलेला नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे उघडून मोडी वाचणाऱ्यांचा आधी शोध घ्यावा लागला.

इंग्रजांनी जुना रुमाल वाचत बसण्यापेक्षा नवा तक्ता आखण्याचा मार्ग धरला. पहिला प्रयत्न १८२० च्या दशकाच्या अखेरीस आर. के. प्रिंगल याने पुणे भागात केला. खर्च वजा जाता जमिनीत उरते किती, याचे बारीक गणित त्याने मांडले. गणित सुबक होते, पण त्याखालची माहिती पोकळ होती आणि आकारणी कोसळली. त्या अपयशातून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे अधिकारी शिकले. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात त्यांनी नव्याने पाहणी सुरू केली आणि पुढच्या वर्षापासून नवे दर लागू झाले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्याचा नियम ठरली. तिची दोन अंगे आपल्या मागोव्यात महत्त्वाची आहेत. मातीची प्रत आण्यांत मोजली गेली, म्हणजे गुणाला अंक मिळाला. आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. यापूर्वी शेत ओळखले जाई ते कसणाऱ्याच्या नावाने किंवा ओढ्याकाठच्या झाडाने. आता माणूस मेला, झाड पडले, तरी नंबर राहू लागला. संगणकशास्त्र ज्याला ‘की’ म्हणते, ती नोंदीची न बदलणारी ओळख, इंदापूरच्या शिवारात दगड रोवून पक्की झाली होती. वाटण्या झाल्या की नंबरच्या शेपटाला हिस्सा जोडायचा, १२ चे १२/१ आणि १२/२ करायचे, ही सोयही त्यातूनच आली.

तरीही या तक्त्याला एक मोठी उणीव होती. सरकारला सारा कोण भरतो एवढेच त्यातून कळे. जमिनीवर हक्क कुणाचा, गहाण कुणाकडे, वाटा कुणाचा, हे कळत नसे. ती उणीव भरण्यासाठी मुंबई सरकारने १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा केला आणि १९१३ साली तो सुधारून जमीन महसूल अधिनियमातच घातला. अँडरसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने गाव, तालुका, जिल्हा या तिन्ही पातळ्यांच्या हिशेबांची पुस्तिका रचली आणि गाव नमुने १ ते २१ अशी ओळख रूढ झाली. त्यातला नमुना ७ अधिकार अभिलेखाचा आणि नमुना १२ पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले आणि महाराष्ट्रातला शेतकरी त्यांना सातबारा म्हणू लागला. पण माझ्या मते या साऱ्या रचनेतला सर्वांत कल्पक भाग सातबाऱ्यात नाही. तो नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत आहे.

कागदी काळात ही वही कशी चाले, ते आपण सावकाश पाहू, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. सातबाऱ्यावर तलाठ्याला थेट हात लावता येत नसे. खरेदी झाली, कुणी वारले, वाटणी झाली, की त्याची हकिकत आधी फेरफार नोंदवहीत पुढच्या अनुक्रमांकाखाली लिहायची. अनुक्रमांक मागे जात नसे, मधले पान फाडता येत नसे. मग त्या फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर पेन्सिलीने टिपायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळावे की इथे काहीतरी चालले आहे, पण ठरलेले नाही. हितसंबंधितांना नोटीस द्यायची, चावडीवर प्रत लावायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे. हरकत आलीच तर ती तक्रारीच्या वेगळ्या नोंदवहीत, नमुना ६-अ मध्ये. मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी, म्हणजे ज्याने नोंद लिहिली त्याहून वेगळा माणूस, ती तपासून प्रमाणित करणार. मगच पेन्सिलीची शाई होई, सातबाऱ्यावर अंमल दिला जाई. तोही जुने नाव खोडून नव्हे. जुन्या नावाला कंस होई, खाली नवे नाव येई, शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. त्यामुळे सातबारा हातात घेतला की आजची स्थिती एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि वर्तुळांचे बोट धरून मागे गेलो की ती स्थिती कशी आली ते उलगडते. रोजकीर्द आणि खतावणीची जुनी जोडी इथे कायद्याच्या बळाने एकमेकींना बांधली गेली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हीच पद्धत कलम १४९ आणि १५० मध्ये कायम ठेवली. निव्वळ लेखनदोष सुधारण्यासाठी कलम १५५ वेगळे ठेवले, म्हणजे लिहिण्यातली चूक आणि हक्कातला बदल या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या काढल्या.

कंसातल्या नावाची किंमत काय, हे नवी मुंबईच्या भूमीला पुरते ठाऊक आहे. कुलाबा जिल्ह्यातली खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कूळ म्हणून ज्याचे नाव नोंदीत लागले होते, त्याला मालकीची वाट मोकळी झाली. ज्याने पिढ्यान् पिढ्या भात पिकवले पण ज्याचे नाव रकान्यात आलेच नाही, त्याला ती वाट बिकट गेली. रकान्यात नसणे म्हणजे कायद्यापुरते नसणे. मग १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांचा पट्टा नव्या शहरासाठी मुक्रर झाला. आगरी, कोळी, कराडी घरांची नावे एकामागून एक कंसात गेली. मोबदल्यावरून असंतोष धुमसत राहिला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदाराला देण्याची योजना आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की मूळ खातेदार कोण. शेत तोवर रस्ता झाले होते, खाडी बुजली होती, माणूस वारला होता. उत्तर उरले होते जुन्या सातबाऱ्यावरच्या कंसात, फेरफाराच्या पानात आणि वारस नोंदवहीत. नाव खोडले असते, तर दावाही खोडला गेला असता.

आता आपण दुसऱ्या वाटेने, यंत्राच्या बाजूने चालू. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने माणसाची नोंद पुठ्ठ्यावरच्या छिद्रांत उतरवली आणि ती यंत्राने वाचून दाखवली. १९२८ साली आयबीएमने ८० रकान्यांचे कार्ड काढले. पुढची अनेक दशके संगणकाच्या पडद्यावर ओळीत ८० अक्षरे मावत राहिली, ती या पुठ्ठ्याच्या रुंदीमुळे. छिद्र पाडलेले कार्ड दुरुस्त होत नाही. बदल करायचा तर नवे कार्ड टोचायचे आणि जुने काढून ठेवायचे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला संगणक १९६० मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्याच्या तोंडी कागदी फीत भरवली जाई. त्याच सुमारास, १९५९-६० मध्ये, अमेरिकेत ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाच्या आधाराने कोबोल ही भाषा घडली आणि तिच्यात फाइलचे वर्णन हा कार्यक्रमाचा स्वतंत्र विभाग झाला. या रकान्यात पंचवीस अक्षरे, त्यात सात अंक, शेवटचे दोन दशांशाचे, असे आधीच बजावून ठेवायचे. छापील नमुना आखल्याशिवाय नोंद भरायची नाही, हा चावडीचा नियम इथे भाषेचे व्याकरण झाला.

फितीच्या काळात बदल करण्याची जी रीत पडली, ती फेरफार नोंदवहीच्या इतकी जवळची आहे की दोघींची भेट कधी झाली नाही यावर विश्वास बसू नये. चुंबकीय फितीवर मूळ फाइल असे. दिवसभराचे बदल दुसऱ्या फितीवर, त्याच क्रमाने लावून ठेवत. रात्री यंत्र दोन्ही शेजारी वाचत जाई आणि तिसऱ्या, कोऱ्या फितीवर नवी मूळ फाइल लिहीत जाई. जुनी फीत अस्पर्श राही. तीन पिढ्या कपाटात ठेवायच्या : आजोबा, बाप, लेक, अशीच त्यांची नावे पडली. लेक बिघडला तर बापाकडून पुन्हा घडवता येई. ही सुरक्षितता मोडली ती सोयीने. १९५६ साली आयबीएमने ५० तबकड्यांचा ‘रॅमॅक’ आणला. त्यावर हव्या त्या नोंदीपाशी थेट जाता येई आणि तिथल्या तिथे नवे मूल्य लिहिता येई. ही क्रांतीच होती, पण नवे लिहिले की त्या जागचे जुने कायमचे गेले. इतके दिवस कागदाने आणि फितीने आपोआप जपलेला इतिहास आता मुद्दाम जपावा लागणार होता.

१९७० साली एडगर कॉड यांनी माहितीचे संबंधित तक्ते कसे असावेत याचे गणित मांडले आणि त्याच दशकात जिम ग्रे आदींनी बदलाचे नियम घातले : बदल पुरा व्हावा किंवा मुळीच होऊ नये, आणि मूळ तक्त्याला हात लावण्याआधी तो एका वाढत्या नोंदवहीत लिहून ठेवावा. वीज गेली तर ती वही वाचून तक्ता पुन्हा उभा करायचा. आधी नमुना ६, मग नमुना ७, हाच तो क्रम. पण सामान्य प्रोग्रामरच्या हातात जी साधी फाइल आली, तिच्यापर्यंत हा नियम पोचला नाही. युनिक्स आणि सी भाषेने फाइल उघडण्याचे तीन प्रकार रूढ केले आणि पायथनसह अनेक भाषांनी ते जसेच्या तसे घेतले : ‘आर’ म्हणजे वाचण्यापुरती, ‘ए’ म्हणजे शेवटी भर घालण्यासाठी आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्यासाठी. यातला ‘ए’ हा फेरफार नोंदवहीचा भाऊ, मागचे काही पुसत नाही. ‘डब्ल्यू’ मात्र एकही अक्षर लिहिण्याच्या आधी आख्खी जुनी फाइल रिकामी करतो. एक मूल्य बदलायला निघालेला कार्यक्रम मध्येच बंद पडला, तर ना जुने राहते ना नवे. म्हणून जाणते लोक बदललेली प्रत तात्पुरत्या नावाने लिहितात, ती धड उतरली याची खातरी करतात आणि मगच एका झटक्यात मूळ नाव तिला देतात. पेन्सिलीची शाई करण्याची ही आजची रीत.

फाइलच्या आतली मांडणीही या काळात पुन्हा घडत होती. ठरावीक रुंदीचे रकाने जागा खात, म्हणून मूल्यांच्या मध्ये स्वल्पविराम टाकण्याची युक्ती १९७२ च्या सुमारास आयबीएमच्या फोरट्रानमध्ये आली. सीएसव्ही या नावाने ती जगभर पसरली, आणि गंमत अशी की तिचे नियम प्रथम नीट लिहून निघाले ते २००५ साली. १९७९ च्या व्हिजिकॅल्कने आणि नंतर एक्सेलने तक्ता घरोघरी नेला आणि आपल्याकडे त्याचे खास घोळ झाले. ‘१,२५,०००’ ही रक्कम अवतरणाविना लिहिली की तिचे तीन रकाने होतात. ‘१२/३’ हा सर्व्हे नंबर टंकला की तक्ता तो तारीख समजतो आणि शेताची ओळखच बदलून टाकतो. हा रोग आपल्यापुरता नाही. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांसारखी दिसणारी काही मानवी जनुकांची लघुनावे २०२० पर्यंत बदलावी लागली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत असे. वस्तुतः १९६० च्या दशकातल्या आस्की तक्त्यातच २८ ते ३१ या क्रमांकांवर खास विभाजक चिन्हे ठेवली होती, जी कुणाच्या नावात किंवा रकमेत येण्याची शक्यताच नाही. जग ती विसरले. पण न्हावा शेवा बंदरात मालाची आयातपत्रे सीमाशुल्क खात्याकडे संगणकावरून जातात, त्या संदेशांत रकाने अजूनही २९ क्रमांकाच्या अदृश्य चिन्हानेच तुटतात. एकदा दाखल झालेले पत्र तिथेही गुपचूप बदलता येत नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली परवानगी घेऊन दुरुस्तीचा वेगळा संदेश पाठवावा लागतो. जमिनीच्या संहितेतले कलमही १४९ च असावे, हा योगायोग.

या सगळ्यात मराठी अक्षर कुठे होते? १९८० च्या दशकापर्यंत जवळजवळ कुठेच नव्हते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्र, १९८८ ची आणि मग १९९१ साली भारतीय मानक ठरलेली इस्की संकेतप्रणाली, यांनी देवनागरीला क्रमांक दिले. युनिकोडची देवनागरी याच १९८८ च्या इस्कीवर बेतली. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचले आणि इंग्रजीसाठी लिहिलेली जुनी साधनेही ती अक्षरे न सांडता वाहू लागली. मधल्या काळात छापखान्यांचे आणि कार्यालयांचे काम वेगवेगळ्या फॉन्टांच्या खासगी संकेतांत झाले. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण दिसतो तो इंग्रजी अक्षरांचा कचरा. मोडी रुमालासमोर बसलेल्या इंग्रज कलेक्टरचीच ही अवस्था. आजही ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्या दोन वेगळ्या क्रमांक-मालिकांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला दोन निराळी नावे, आणि वारसाचे नाव शोधताना नेमके तिथेच अडते. पायथनचे मात्र एक कौतुक केले पाहिजे : ‘१२’ हे देवनागरी अंक त्याला दिले तर तो मुकाट्याने बारा समजतो.

तक्त्यात न मावणाऱ्या माहितीसाठी झाडासारखी, फांद्याफांद्यांची मांडणी आली. १९६९ मध्ये आयबीएमच्या चार्ल्स गोल्डफार्ब आणि सहकाऱ्यांनी जीएमएल सुरू केली. तिची एसजीएमएल होऊन १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि तिलाच छाटून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल आली. ती फार बोलकी आहे अशी तक्रार झाली, तेव्हा २००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांनी जावास्क्रिप्टच्या पोटातून जेसन बाहेर काढली. पायथनने, जी स्वतः १९९१ ची, या साऱ्यांना एकेक करून घरात घेतले : सीएसव्ही २००३ साली, एक्सएमएलचे सुटसुटीत साधन २००६ साली, जेसन २००८ साली. आज आपण जेसन फाइल ‘बदलतो’ म्हणजे प्रत्यक्षात ती सबंध वाचून स्मृतीत झाड उभे करतो, एक पान बदलतो आणि सबंध फाइल पुन्हा लिहितो. फितीच्या जमान्यातलीच ही रीत, पण आजोबा आणि बाप वगळून. शिवाय क्रॉकफर्ड यांनी जेसनमधून टिपा लिहिण्याची सोय हेतुतः काढून टाकली. सातबाऱ्याला शेऱ्याचा रकाना आहे, जेसनला नाही. मूल्य का बदलले, हे त्या फाइलला कधीच सांगता येणार नाही. ती उणीव भरून निघाली ती लिनस टोरवाल्ड्स यांच्या २००५ सालच्या गिटमुळे : प्रत्येक बदलाला नाव, वेळ, कारण आणि आधीच्या स्थितीचा दुवा. मुख्य फाइलीत बदल मिसळण्याआधी दुसऱ्याने तो पाहायचा, हा रिवाजही त्याभोवती रुजला. मंडळ अधिकारी जगाला पुन्हा सापडला.

महाराष्ट्रात या दोन वाटा एकत्र आल्या त्या सातबाऱ्यावरच. १९८८-८९ मध्ये केंद्राने जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातले आठ जिल्हे निवडले, त्यात वर्धा होता. २००८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानंतर कामाने वेग घेतला, ई-फेरफार आले आणि जुनी अडचण नव्या वेषात उभी राहिली : हस्तलिखित सातबारा एक सांगे, संगणकातला दुसरेच. दुरुस्तीसाठी ‘एडिट मॉड्यूल’ आणि मग ‘री-एडिट मॉड्यूल’ काढावे लागले. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. तलाठ्याने संगणकीय नोंद लोकांसमोर मोठ्याने वाचायची आणि ज्याची त्याने चूक दाखवायची. फाइल तपासण्याची याहून जुनी आणि याहून भरवशाची पद्धत नसेल. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना १२ मधला पिकाचा रकाना शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून भरू लागला. कुलकर्ण्याच्या घरातून तलाठ्याच्या सज्जात आणि तिथून बांधावर, असा लेखणीचा प्रवास झाला.

ज्या ९५ गावांची नावे कंसात गेली, त्या पट्ट्यात आणि त्याला लागूनच्या औद्योगिक वसाहतीत आज विदाकेंद्रांच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. बेलापूर-खारघरला सी-डॅकच्या मुंबई शाखेत आणि आसपासच्या महाविद्यालयांत फाइल वाचायला आणि बदलायला शिकणाऱ्या मुलामुलींची पिढी आहे. त्यांना यंत्राने एवढा वेग दिला आहे की लाखो नोंदी चहा होईतो बदलून होतात, आणि आता बदल करणाऱ्या ओळीसुद्धा यंत्रच लिहून देते. वाचण्याचा प्रश्न मोडीपासून इथवर येता येता बराचसा सुटला. बदलण्याच्या प्रश्नाची उत्तरे मात्र शंभर वर्षांपूर्वी नमुना ६ ने दिली तीच आहेत : मुळावर थेट लिहू नये, जुने वाचता येईल असे ठेवावे, कारण आणि क्रमांक टिपावा, हरकतीला वेळ द्यावा, आणि लिहिणारा व मंजुरी देणारा एक नसावा. यातल्या पहिल्या तीन गोष्टी आज कुठलीही भाषा काही ओळींत करून देते. उरलेल्या दोन कार्यक्रमात लिहिता येत नाहीत. त्यांच्यासाठी थांबायची तयारी असलेला एक माणूस नेमावा लागतो, आणि खर्च वाचवताना पहिली कात्री लागते ती त्याच्याच जागेला.